विशेष शिक्षक व्हायचंय? मग अर्ज भरण्याआधी हा क्रम लावून घ्या

दर उन्हाळ्यात प्रवेशाच्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठल्या कॉलेजात सीट मिळेल?" दुसरा प्रश्न फीचा. शाखा कुठली घ्यायची हे तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर येतं आणि मान्यतेबद्दल तर बहुतेक जण विचारतच नाहीत. नंतर जे घोटाळे होतात त्यांतले जवळजवळ सगळे या उलट्या क्रमातून होतात. गुणांमुळे किंवा पैशांमुळे अडलेले फार कमी पाहिलेत मी.

खरा क्रम असा आहे: आधी मूल, मग शाखा, मग मान्यता, मग कॉलेज. लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. शाखा, मान्यता आणि नोंदणीचे नियम मात्र देशभर एकच आहेत.

टप्पा १: अर्जाच्या आधी पंधरा दिवस वर्गात बसा

जवळच्या विशेष शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा आणि पंधरा दिवस मदतनीस म्हणून येऊ का, असं विचारा. बहुतेक शाळा नाही म्हणत नाहीत. डबा खायला मदत करा, प्रार्थनेला उभे राहा, घंटा झाल्यावर रिक्षापर्यंत मुलांना सोडा. शिकवायला जाऊ नका, नुसतं बघा.

हे का, ते स्पष्ट सांगते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात गळणारे विद्यार्थी अभ्यासाने गळत नाहीत. लाळ पुसणं, ओरडणाऱ्या मुलाजवळ शांत बसणं, एकच गोष्ट महिनाभर शिकवणं आणि तरी ती दुसऱ्या दिवशी नव्याने सुरू करणं, हे आपल्याला जमेल का, याचा अंदाज त्यांनी आधी घेतलेला नसतो. "मला लहान मुलं आवडतात" एवढं इथे पुरत नाही.

तपासा: पंधराव्या दिवशी एका तरी मुलाबद्दल तुम्हाला चार ओळी लिहिता येतात का? ते काय मागतं, कशाने चिडतं, कशाने शांत होतं? येत असतील तर पुढे चला.

टप्पा २: शाखा ठरवा

बी.एड. विशेष शिक्षण ही एका अपंगत्वाच्या शाखेतली पदवी असते आणि शाखा पदवीवर आणि नोंदणीवर छापली जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, म्हणून पदव्याही २१ असतील असं काहींना वाटतं. प्रत्यक्षात शाखा मोजक्याच आहेत: श्रवणबाधित, दृष्टिबाधित, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) आणि बहुविकलांगता (एकाहून जास्त अपंगत्वं एकत्र). महाराष्ट्रात पहिल्या चारांची महाविद्यालयं तुलनेने जास्त मिळतात.

प्रत्येक शाखेत रोजचं काम काय असतं, ते आधी समजून घ्या.

*श्रवणबाधित.* इथे दिवसाची सुरुवात श्रवणयंत्राच्या सेलपासून होते. सेल संपलेलं यंत्र कानात घालून मूल सबंध दिवस बसलं, तर तुमचा पाठ कितीही चांगला असो, वाया गेला. म्हणून रोज सकाळी 'आ, ई, ऊ, म, स, श' हे सहा ध्वनी उच्चारून मुलाला काय ऐकू येतंय ते तपासायचं. ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, वाचता यायला हवा. खुणांची भाषाही शिकावी लागेल, आणि भाषेची वाढ हा तर या शाखेचा गाभाच आहे. ज्यांचं मराठी ओघवतं, उच्चार स्वच्छ आणि बोलण्याचा कंटाळा नाही, त्यांना ही शाखा मानवते.

*दृष्टिबाधित.* ब्रेलचे सहा ठिपके दिसायला सोपे असतात. पण ब्रेल पाटी आणि स्टायलसने (ठिपके टोचायच्या टोच्याने) लिहिताना उजवीकडून डावीकडे लिहायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं, हे हाताला बसायला वेळ लागतो. गणितासाठी टेलर फ्रेम (खुंट्या बसवून आकडे मांडायची पाटी) आणि अबॅकस येतात, शिवाय पांढऱ्या काठीसह फिरण्याचं प्रशिक्षण, पडदावाचक सॉफ्टवेअर. डोळसांनी ब्रेल डोळ्यांनी वाचून भागवू नये. मुलाच्या बोटाला काय अडतं ते तुमच्या बोटाला कळायला हवं.

*बौद्धिक अक्षमता.* ही माझी शाखा, म्हणून दोन ओळी जास्त. शर्टाचं बटण लावणं ही आपल्याला एक कृती वाटते. वर्गात तिच्या सात-आठ पायऱ्या करायच्या: बटण चिमटीत धरणं, काज शोधणं, काठ आत सरकवणं, दुसऱ्या बाजूने ओढणं आणि असंच पुढे. पुष्कळदा शेवटच्या पायरीपासून शिकवतात: बाकी सगळं आपण करायचं, शेवटची ओढ मुलाने द्यायची. बटण लागल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो आणि मग आपण एकेक पायरी मागे सरकतो. हे महिनोन्‌महिने चालतं. प्रगती सेंटिमीटरने मोजायची सवय असलेल्यांनीच इकडे यावं.

*अध्ययन अक्षमता.* शहरांतल्या नियमित शाळांतलं काम मुख्यतः हे. मूल बुद्धीने ठीक, पण वाचन, लेखन किंवा गणितात अडलेलं. तुम्हाला चुकांचा नमुना शोधायचा असतो: जोडाक्षर सुटतंय, वेलांटी बदलतेय, की 'ब' आणि 'व' यांत गोंधळ होतोय? लाल पेनाने चूक दाखवली की काम संपलं असं समजणाऱ्यांना ही शाखा अवघड जाते.

स्वमग्नता आणि बहुविकलांगता या शाखांच्या जागा कमी, मुलं मात्र सगळीकडे. या शाखांना जायचं असेल तर टप्पा १ पंधरा दिवसांऐवजी महिनाभर करा.

सावधान: "जिथे सीट मिळेल ती शाखा घेऊ, नंतर बदलू" असं करू नका. नंतर शाखा बदलणं म्हणजे दुसऱ्या शाखेतली मान्यताप्राप्त पात्रता नव्याने मिळवणं.

गावाचाही विचार करा. अध्ययन अक्षमतेची पदवी घेऊन तालुक्याच्या गावी परतलात, तर तिथे बहुधा श्रवणबाधित किंवा बौद्धिक अक्षम मुलांची निवासी शाळा असेल, आणि तिला तुमची शाखा नको असेल. आपल्या जिल्ह्यात कोणत्या प्रकारच्या विशेष शाळा आहेत ही माहिती जिल्हा परिषदेत मिळते. एक चक्कर मारून या.

टप्पा ३: पदविका की पदवी

बारावीला ५० टक्के असतील आणि लवकर काम सुरू करायचं असेल, तर दोन वर्षांचं डी.एड. विशेष शिक्षण. त्याची परीक्षा भारतीय पुनर्वास परिषदेच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळामार्फत होते (पुढे नुसतं 'परिषद' म्हटलं की हीच परिषद समजा). प्राथमिक वयाच्या मुलांसाठी ते पुरेसं आहे आणि त्याला कमी लेखू नका.

पदवीधर असाल तर बी.एड. विशेष शिक्षण. ते २०१५ पासून दोन वर्षांचं, चार सत्रांचं आहे. कुणी एक वर्षात देतो म्हणाला तर तिथून निघा. पदवीला ५० टक्के लागतात, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४५.

बारावीनंतर चार वर्षांचं एकत्रित बी.ए.-बी.एड. विशेष शिक्षणही काही ठिकाणी होतं. परिषदेने २०२४-२५ पासून त्याचे नवे प्रवेश बंद केले. जुनं माहितीपत्रक दाखवून कुणी प्रवेश देत असेल तर घेऊ नका.

मुक्त विद्यापीठांतलं बी.एड. विशेष शिक्षण अडीच वर्षांचं असतं. दूरस्थ म्हणजे घरबसल्या, असं मात्र समजू नका. संपर्क वर्ग आणि प्रत्यक्ष वर्गकाम तिथेही करावंच लागतं.

साधं बी.एड. झालेल्यांसाठी: तुमची पदवी नियमित शाळेसाठी आहे. विशेष शिक्षक म्हणून काम करायचं तर विशेष शिक्षणाची परिषद-मान्य पात्रता वेगळी मिळवावी लागते. तीन महिन्यांचे ऑनलाइन 'शॅडो टीचर' (वर्गात एका मुलासोबत बसणारी मदतनीस) किंवा 'रेमेडियल' (उपचारात्मक अध्यापन) कोर्स ज्ञानासाठी करा, पात्रता म्हणून नव्हे.

टप्पा ४: मान्यता तपासा (हा टप्पा गाळू नका)

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून सावकाश वाचा.

नियमित बी.एड.ला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद मान्यता देते. विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमांना भारतीय पुनर्वास परिषद देते, १९९२ च्या तिच्या कायद्यानुसार. विद्यापीठाची संलग्नता ही तिसरी, वेगळी गोष्ट. "आम्ही विद्यापीठाशी संलग्न आहोत" हे उत्तर अर्धंच आहे.

पुनर्वास परिषदेची मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. ती त्या अभ्यासक्रमाला, त्या शाखेला, ठरावीक जागांसाठी आणि ठरावीक वर्षांपुरती असते. एका कॉलेजला श्रवणबाधित शाखेची मान्यता असेल आणि बौद्धिक अक्षमतेची मागच्याच वर्षी संपलेली असेल, असं होऊ शकतं. दारावरची पाटी मात्र तीच राहते.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी पदवी हातात घेऊन माझ्याकडे आली. गुण उत्तम, वर्गकाम उत्तम. नोंदणीचा अर्ज मात्र परत आला होता, कारण तिने प्रवेश घेतला त्या वर्षी त्या शाखेची मान्यता नूतनीकरणात अडकली होती. कॉलेजने तिला ते सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. त्या कागदांसाठी ती किती दरवाज्यांपुढे उभी राहिली, ते मी पाहिलं आहे. म्हणून प्रत्येकाला सांगते, हे काम स्वतः करा, दुसऱ्यावर सोडू नका.

काय करायचं ते क्रमाने:

१. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा आणि राज्यानुसार बघा.
२. संस्थेचं नाव, अभ्यासक्रम, शाखा, जागा आणि मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत आहे, या पाचही गोष्टी वहीत उतरवा.
३. तुमचा प्रवेश ज्या वर्षी होणार ते वर्ष त्या मुदतीत बसतं का ते बघा.
४. कॉलेजकडून मान्यतेच्या पत्राची प्रत मागा आणि यादीशी ताडून बघा. पत्र दाखवायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.
५. यादीच्या पानाची तारखेसह छापील प्रत काढून फाइलमध्ये ठेवा.

सुरुवात कुठून करायची हे विचारणाऱ्यांना मी मुंबईतली तीन नावं सांगते: वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, जी श्रवण आणि वाचा अक्षमतेसाठी आहे, चेंबूरचं हशू अडवाणी विशेष शिक्षण महाविद्यालय, आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग, जिथे फक्त महिलांना प्रवेश असतो. वरच्या पाच पायऱ्या या संस्थांनाही लावा. नाव मोठं असलं तरी तपासणी तीच.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर राष्ट्रीय संस्था बघा: दृष्टिबाधितांसाठी देहरादून, बौद्धिक अक्षमतेसाठी सिकंदराबाद, बहुविकलांगतेसाठी चेन्नईजवळ मुट्टुकाडू.

टप्पा ५: कागद

दहावी, बारावी, पदवीच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र. लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेयर, आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र, दिव्यांगांसाठी यूडीआयडी कार्ड. शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र.

जात वैधतेला वेळ लागतो, अर्ज आजच करा. नॉन क्रिमिलेयर ज्या वर्षी प्रवेश घेताय त्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं. पुष्कळ जण मागच्या वर्षीचं जोडतात आणि थेट खुल्या प्रवर्गात जातात.

आणि नाव! दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर शेवटी, आधारवर वडिलांचं नाव गाळलेलं, लग्नानंतर सगळंच बदललेलं. पुढे नोंदणीच्या वेळी हे अडतं. सगळीकडे दहावीप्रमाणे नाव ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा.

टप्पा ६: सीईटी आणि कॅप

महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाची बी.एड. प्रवेश परीक्षा नियमित आणि विशेष अशा दोन्हींसाठी एकच आहे. तीत बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता हे तीन भाग असतात. १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात जायचं असेल तर इंग्रजीची वेगळी चाचणीही अर्जात निवडा. ती निवडायची राहिली की नंतर काही करता येत नाही.

सर्वांत जास्त होणारी चूक: सीईटी दिली, गुण आले, आणि आता कॉलेजमधून फोन येईल म्हणून वाट बघत बसणं. सीईटीचा अर्ज वेगळा, कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी. निकालानंतर कॅपसाठी नव्याने नोंदणी करायची, कागद अपलोड करून पडताळून घ्यायचे, पसंतीक्रम भरायचा, जागा मिळाली की ठरलेल्या मुदतीत ती स्वीकारून कॉलेजात हजर व्हायचं. यातली एक पायरी चुकली की फेरी गेली.

पसंतीक्रम भरताना टप्पा ४ ची वही समोर ठेवा. मान्यता तपासलेली कॉलेजंच यादीत टाका. राष्ट्रीय संस्था, खासगी विद्यापीठं आणि मुक्त विद्यापीठं यांची प्रवेशपद्धत वेगळी असू शकते. प्रत्येकाचं माहितीपत्रक वाचून तारखा एकाच कॅलेंडरवर लिहा.

टप्पा ७: ती दोन वर्षं

अभ्यासक्रमाचा आराखडा पहिल्या आठवड्यात वाचा. त्यात सामान्य शिक्षणशास्त्र आहे, सर्व अपंगत्वांची ओळख आहे, तुमच्या शाखेचे विषय (मूल्यमापन, अभ्यासक्रमात बदल, अध्यापनाच्या पद्धती, तंत्रज्ञान, कुटुंबाचे प्रश्न) आहेत आणि भरपूर प्रत्यक्ष काम आहे.

*अध्यापन पद्धतीचे विषय.* विज्ञान, गणित किंवा सामाजिक शास्त्र यांतला एक आणि भाषांतली एक, असे दोन विषय निवडावे लागतात. ते पदवीच्या विषयांशी जुळणारे घ्या. माध्यमिक शाळेच्या जाहिरातीत पदवीचा विषय आणि अध्यापनाचा विषय जुळतो का, हे बघितलं जातं. मैत्रिणीने गणित घेतलं म्हणून बी.ए. मराठी झालेल्या मुलीने गणित घेऊ नये.

*वैयक्तिक शैक्षणिक आराखडा.* सगळे त्याला आयईपी म्हणतात. इथे नव्वद टक्के विद्यार्थी एकच चूक करतात, असं मी सुधारलेल्या वह्यांवरून म्हणू शकते: उद्दिष्ट मोजता येत नाही. "मुलाला पैशांची ओळख होईल" हे उद्दिष्ट नाही. "एक, दोन, पाच आणि दहा रुपयांची नाणी समोर ठेवल्यावर, नाव सांगताच योग्य नाणं दहापैकी आठ वेळा, मदतीशिवाय उचलेल" हे उद्दिष्ट आहे. आणि ते ठरवण्याआधी आज तो किती वेळा उचलतो, हे लिहिलेलं हवं. आजची पातळी न लिहिता उद्दिष्ट लिहिणं म्हणजे माप न घेता कापड कापणं.

तपासा: तुमचा आराखडा दुसऱ्या शिक्षिकेच्या हातात दिला, तर उद्या सकाळी काय करायचं ते तिला विचारावं न लागता कळेल का?

*शाळेतलं वर्गकाम.* शेवटच्या भागात तीन ठिकाणी काम असतं: तुमच्या शाखेची विशेष शाळा, दुसऱ्या अपंगत्वाची शाळा आणि समावेशक नियमित शाळा. तिसरं ठिकाण विद्यार्थी हलक्यात घेतात, कारण तिथे मुलं "शांत" असतात. पुढची नोकरी बहुधा तिथेच असणार आहे. साठ मुलांच्या वर्गात एका मुलासाठी पाठ कसा बदलायचा आणि वर्गशिक्षकांशी न भांडता तो कसा करवून घ्यायचा, हे दुसरीकडे कुठेच शिकायला मिळत नाही.

सावधान: व्यक्ती अभ्यासाच्या (एकाच मुलाच्या सविस्तर अभ्यासाच्या) तयार फायली कुणाकडून घेऊ नका. मागच्या वर्षाच्या ताईची फाइल उतरवून गुण मिळतीलही, पण मुलाखतीत "या मुलाला तुम्ही पहिल्यांदा भेटलात तेव्हा तो काय करत होता?" असं विचारलं की सगळं उघडं पडतं. आणि त्या फायलीत खऱ्या मुलाचा खरा अहवाल असतो. पालकांच्या परवानगीशिवाय त्याचं नाव, फोटो, व्हिडिओ कुठेही जाता कामा नये, व्हॉट्सअॅप गटावरही नाही.

टप्पा ८: परिषदेची नोंदणी

पदवी झाली म्हणजे काम सुरू करता येतं, असं नाही. केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव लागलं पाहिजे. नोंदणीशिवाय पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करणं हा १९९२ च्या कायद्याच्या कलम १३ खाली गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खासगी शिकवणी घेणाऱ्या विशेष शिक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

अर्ज ऑनलाइन असतो. अंतिम गुणपत्रिका आणि तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र हाती येताच तो भरा, दीक्षान्त समारंभापर्यंत थांबू नका. नोकरीच्या जाहिराती नोंदणी क्रमांक मागतात आणि "अर्ज केला आहे" एवढ्यावर प्रत्येक ठिकाणी भागत नाही.

टप्पा ९: नोकरीची दोन दारं

पहिलं दार विशेष शाळांचं. महाराष्ट्रात त्या शालेय शिक्षण विभागाखाली नाहीत. डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र असलेल्या दिव्यांग कल्याण विभागाखाली येतात. तिथल्या जाहिराती, मान्यता, वेतन अनुदान यांची चौकशी त्याच कार्यालयात करायची. शिक्षणाधिकाऱ्यांकडे हेलपाटे घालून उपयोग नाही.

दुसरं दार नियमित शाळांचं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये नियमित शाळांत विशेष शिक्षकांची कायम पदं असावीत, असा निकाल दिला. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरामागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण अधिसूचित केलं. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पदं जाहीर करायला पुन्हा सांगितलं. म्हणून या दारासाठी तयारी ठेवा: राज्य परीक्षा परिषदेची टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) किंवा केंद्राची सीटीईटी. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. जमलं तर दोन्ही द्या. पहिला प्रयत्न बी.एड.च्या शेवटच्या वर्षातच करा, बालमानसशास्त्र तेव्हा ताजं असतं.

जाहिरात आली की आधी शाखेचा रकाना वाचा. "विशेष शिक्षक" एवढंच बघून अर्ज भरणारे आणि पडताळणीत बाद होणारे दर भरतीत असतात.

एम.एड. विशेष शिक्षणाचा विचार दोन-तीन वर्षं वर्गात काढल्यावर करा. अध्यापक महाविद्यालयात शिकवायचं असेल तर ते लागेल.

नोंदणी मिळाली की तिची मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते आणि त्यासाठी परिषद-मान्य कार्यशाळांचे गुण जमवावे लागतात. कार्यशाळा झाल्या झाल्या प्रमाणपत्र मागून घ्या आणि दरवर्षी थोडे गुण जमवा. पाचव्या वर्षी मार्चमध्ये धावपळ करणाऱ्यांना जवळपास एकही कार्यशाळा सापडत नाही.